अंतर्गळाची जाळी : शोध, स्वामित्व आणि मूल्य

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी व्यापार, करव्यवस्था आणि हिशेब यांविषयी लेख येतात. यंदा विषय थोडा निराळा घेतला आहे. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या एका जाळीचा हा अभ्यास असून तो वैद्यांसाठी नव्हे, तर व्यापाऱ्यांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी लिहिला आहे. ही जाळी व्यापाऱ्याने समजून घ्यावी, याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, ज्या व्याधीवर ती वापरतात ती व्याधी बाजारपेठेची जुनी सोबतीण आहे. पेडण्याच्या वा डिचोलीच्या पेठेत तांदूळ, सिमेंट, साखर यांची पोती पाठीवर वाहणारा हमाल, दुकानात उभ्याने दिवस काढणारा मुनीम आणि वृद्धापकाळी खोकल्याने बेजार झालेले आपले वडीलधारे यांच्यापैकी कोणाच्या तरी जांघेत गोळा उतरल्याचे आपण ऐकलेले असते. दुसरे कारण असे की, या जाळीच्या किमतीत ‘वस्तूचे मोल कशाने ठरते?’ हा व्यापाराचा सनातन प्रश्न दडलेला आहे.

व्याधीचे स्वरूप

हर्नियाला मराठीत अंतर्गळ म्हणतात. पोटाची भिंत स्नायूंची व त्यांवरील चिवट पडद्यांची बनलेली असते. या भिंतीत एखादे ठिकाण दुबळे पडले म्हणजे आतील आतड्याचा वा चरबीचा भाग तेथून बाहेर डोकावतो. उभे राहिल्यावर, खोकल्यावर वा ओझे उचलल्यावर फुगवटा दिसतो व आडवे झाल्यावर तो आत जातो. बहुतेक अंतर्गळ जांघेत होतात. गर्भावस्थेत वृषण उदरातून खाली उतरताना जी वाट ठेवून जातो ती पुरुषांत जन्मभर थोडी दुबळी राहते, म्हणून हा विकार मुख्यतः पुरुषांचा आहे. आयुष्यात केव्हा तरी जांघेच्या अंतर्गळासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागण्याचा संभव पुरुषांत शंभरास सुमारे २७, तर स्त्रियांत शंभरास सुमारे ३ इतका आहे. सर्व जगात दरवर्षी अशा सुमारे दोन कोटी शस्त्रक्रिया होतात.

औषधाने वा लेपाने हे छिद्र बुजत नाही. कमरेला पट्टा बांधल्याने गोळा तात्पुरता दबतो, पण व्याधी तशीच राहते. ज्या पुरुषास काहीच त्रास होत नाही त्याने वैद्याच्या सल्ल्याने काही काळ वाट पाहिली तरी चालते. परंतु गोळा एकाएकी कठीण होऊन आत जाईनासा झाला, असह्य वेदना व वांत्या सुरू झाल्या, तर आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटत आहे असे समजावे. अशा वेळी काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरतो. लेखातील बाकी सर्व विसरले तरी ही गोष्ट प्रत्येक घराने ध्यानी धरावी.

टाक्यापासून जाळीपर्यंत

इटलीतील पादुआ येथील शस्त्रवैद्य एदोआर्दो बस्सिनी यांनी १८८४ पासून अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेला शास्त्रीय बैठक दिली. दुबळ्या भागाच्या दोन्ही कडा एकमेकींकडे ओढून त्या टाक्यांनी शिवावयाच्या, हे त्यांच्या रीतीचे सार होते. पुढे शंभर वर्षे थोड्याफार फरकाने हीच रीत जगभर चालली. तिच्यात एक मूळचाच दोष होता. फाटलेल्या सदऱ्याच्या कडा ओढून शिवल्या तर शिवण ताणाखाली राहते आणि पहिल्याच जोरात उसवते. शिंपी अशा ठिकाणी कडा ओढीत नाही, तो ठिगळ लावतो. शरीराला लावता येईल असे ठिगळ कोणत्या पदार्थाचे करावे, हा प्रश्न मात्र अनेक पिढ्या सुटला नाही. चांदीच्या तारांची जाळी झाली, टँटलम धातूची जाळीही झाली. परंतु धातू वाकून वाकून तुटतो आणि त्याचे तुकडे शरीरात टोचतात.

उत्तर आले ते प्लास्टिकच्या कारखान्यातून. १९५० नंतरच्या दशकात घट्ट पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन हे नवे पदार्थ हाती आले. अमेरिकेतील फिलिप्स पेट्रोलियम कंपनीने आपले घट्ट पॉलिएथिलीन ‘मार्लेक्स’ या नावाने विकावयास काढले, पण आरंभीचा बराच माल ठरल्या गुणवत्तेत न बसल्याने गुदामात पडून राहिला. १९५८ च्या सुमारास मुलांनी कमरेभोवती फिरवावयाच्या कड्यांचे वेड अमेरिकेत पसरले आणि तो माल हातोहात खपला. त्याच सुमारास टेक्सासमधील ह्यूस्टन येथील शल्यचिकित्सक फ्रान्सिस अशर यांनी त्याच मार्लेक्सच्या धाग्याची जाळी विणवून ती अंतर्गळावर वापरली. एकाच कारखान्याच्या एकाच मालातून एकीकडे पोरांचे खेळणे आणि दुसरीकडे रुग्णाचे ठिगळ तयार झाले. मालाचे मोल त्याच्या उपयोगात असते, हे यावरून दिसते.

पॉलिएथिलीनला उष्णता फारशी सोसत नाही. म्हणून अशर यांनी लवकरच पॉलिप्रॉपिलीनचा एकेरी धागा स्वीकारला. हा पदार्थ १६० अंशांच्या पुढे वितळत असल्याने वाफेच्या दाबयंत्रात तो निर्धोकपणे निर्जंतुक करता येतो. शरीर त्याला फारसा विरोध करीत नाही, आणि जाळीच्या डोळ्यांमधून नवे पेशीजाल वाढून ती भिंतीशी एकजीव होते. मोरजी-केरीच्या किनाऱ्यावर जाळी पाहिलेल्यांस हे चटकन समजेल. जाळे सुताइतकेच त्याच्या डोळ्यांवर अवलंबून असते. डोळा फार बारीक असेल तर जंतू आत दडतात आणि त्यांचा नाश करणाऱ्या पेशी तेथे पोहोचू शकत नाहीत. डोळा मोठा असेल तर पेशीजाल मोकळेपणी वाढते.

लॉस एंजेलिस येथील अर्विंग लिक्टेनस्टाइन यांनी १९८४ पासून ताण न देता केवळ जाळी बसविण्याची सोपी रीत रूढ केली, आणि १९८९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजार रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यानंतर जाळी ही जगभर नित्याची वस्तू झाली.

एकस्व म्हणजे काय

आता स्वामित्वाकडे वळू. पेटंट म्हणजे एकस्व. नवा व उपयुक्त शोध लावणाऱ्याने तो सर्वांसमोर पूर्णपणे उघड करावयाचा आणि त्याच्या मोबदल्यात राज्यसत्तेने त्याला ठराविक मुदतीपुरता अनन्य हक्क द्यावयाचा, असा हा करार आहे. मुदत सरली म्हणजे शोध सर्वांचा होतो. पेटंटाला देशाची सीमाही असते. अमेरिकेतील हक्क भारतात चालत नाही.

अशर यांच्या शस्त्रक्रियेच्या जाळीला अमेरिकेत १९६२ मध्ये पेटंट मिळाले. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे ते मंजुरीपासून सतरा वर्षे चालावयाचे, म्हणजे १९७९ मध्ये संपावयाचे. पॉलिप्रॉपिलीन या मूळ पदार्थाची कथा याहून लांबलेली आहे. त्यावर अनेक संशोधकांनी हक्क सांगितला होता. इटलीचे जुलिओ नात्ता यांना १९६३ मध्ये जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु अमेरिकेतील पेटंटाचा वाद तीस वर्षे चालून अखेर १९८३ मध्ये फिलिप्स कंपनीच्या हॉगन व बँक्स या दोघांच्या बाजूने निकाल लागला. पारितोषिक एकाला व पेटंट दुसऱ्याला असा हा प्रकार आहे. कीर्तीची खतावणी आणि हक्काची खतावणी निरनिराळ्या असतात, हे येथे स्पष्ट दिसते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ज्या काळात जाळी जगभर रूढ झाली त्या काळात साध्या जाळीवरील मूळचे पेटंट संपलेले होते. तरीही नामांकित कंपन्यांची जाळी अनेक वर्षे महागच राहिली. म्हणजे तिचे मोल केवळ पेटंटाने टिकलेले नव्हते. ते नावावर, प्रमाणपत्रावर, निर्जंतुक वेष्टनावर आणि डॉक्टरांच्या सवयीवर उभे होते. या सर्व गोष्टी फुकट होत नाहीत हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. स्वच्छ कारखाना, प्रत्येक घाण्याची तपासणी आणि अपाय झाल्यास भरपाईची जबाबदारी यांचा खर्च वाजवी आहे. प्रश्न इतकाच की, मोलाचा कोणता भाग खर्चाचा आणि कोणता केवळ सवयीचा?

नव्या पेटंटांचे प्रवाह

मूळ हक्क संपल्यावर संशोधनाचे प्रवाह चार दिशांनी गेले.

पहिला प्रवाह वजनाचा. कापडाच्या व्यापाऱ्याला दर चौरस मीटरला किती ग्रॅम, ही भाषा परिचयाची आहे. जाळीचे मापही तेच. जुन्या जाळ्या ८० ते १०० ग्रॅमच्या असत. जर्मनीतील आखन येथील शल्यचिकित्सकांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, शरीराला लागणाऱ्या बळापेक्षा ही जाळी कितीतरी अधिक मजबूत आहे आणि जादा प्लास्टिकने फक्त ताठरपणा वाढतो. तेव्हापासून ३५ ग्रॅमच्या आसपासच्या, मोठ्या डोळ्यांच्या हलक्या जाळ्या निघाल्या.

दुसरा प्रवाह लेपाचा. जाळी उदराच्या आत, आतड्यालगत बसवावयाची असेल तर ती आतड्याला चिकटू नये म्हणून एका बाजूला विरघळणारा वा गुळगुळीत थर देतात. तिसरा प्रवाह जाळी जागेवर धरून ठेवण्याचा. टाक्यांऐवजी गोंद, बारीक स्क्रू, किंवा जाळीलाच विणलेले व कालांतराने विरघळून जाणारे सूक्ष्म आकडे यांची पेटंटे या प्रवाहात मोडतात. चौथा प्रवाह स्वतःच विरघळून जाणाऱ्या जाळीचा. जिवाणूंच्या साह्याने आंबवून काढलेल्या बहुवारिकाची जाळी काही काळ आधार देते व मग शरीर तिला पचविते.

या चारही दिशांनी काही खरे हित झाले आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि नवीन ते उत्तम असा नियम मात्र नाही. अमेरिकेत ‘पूर्वी बाजारात असलेल्या वस्तूशी तत्त्वतः समान’ एवढे दाखविले तर अशा पुष्कळ वस्तूंना नव्याने मोठी परीक्षा न घेता विक्रीची मुभा मिळते. एखाद्या वस्तूच्या आकारात थोडा बदल, त्यावर नवे पेटंट, नवे नाव आणि नवी किंमत अशी साखळी त्यामुळे तयार होते. पोटाच्या भिंतीसाठी काढलेल्या, कडेला प्लास्टिकची कडी असलेल्या एका प्रकारच्या जाळ्या कडी मोडण्याच्या भयाने २००५ ते २००७ या काळात परत मागवाव्या लागल्या. २०१६ मध्ये लेप दिलेली एक नामांकित जाळी बाजारातून काढून घेण्यात आली. तिचा दोष उघडकीस आला तो डेन्मार्क व जर्मनी येथील शस्त्रक्रियांच्या नोंदवह्यांमुळे. ती बसविलेले रुग्ण इतरांपेक्षा अधिक वेळा पुन्हा शस्त्रक्रियेला येतात, असे त्या नोंदींवरून दिसले. आपण पिढ्यान् पिढ्या चोपडी-खतावणीला पूजनीय मानीत आलो. पूजेमागील तत्त्व हेच की, नीट ठेवलेली नोंद कोणाच्याही भिडेला बळी पडत नाही.

दोंडाईचाचा प्रयोग

आता या लेखाचा गाभा असलेली हकीकत सांगतो. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात दोंडाईचा हे गाव आहे. मिरचीच्या बाजारपेठेमुळे आपल्यापैकी अनेकांना ते ठाऊक असेल. तेथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्यासमोर खेड्यातील शस्त्रवैद्याचा नित्याचा पेच होता. जाळी बसवावी असे शास्त्र सांगते. पण समोरचा शेतमजूर ती विकत घेऊ शकत नाही. मग त्याला जुन्या रीतीने शिवून, व्याधी पुन्हा उद्भवण्याचा धोका पत्करावयाचा काय?

टोणगावकर, डॉ. ब्रह्मा रेड्डी व त्यांचे सहकारी यांनी एक साधा प्रश्न विचारला. महागडी जाळी ज्या कुळातील प्लास्टिकची असते, त्याच कुळातील धाग्याची मच्छरदाणी आपल्या बाजारात वाराने विकली जाते. मग ते कापड नीट धुऊन, कापून, वाफेने निर्जंतुक करून वापरले तर काय होईल? त्यांनी निवडलेले कापड पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांच्या मिश्र बहुवारिकाचे होते. निरनिराळ्या रुग्णालयांत मिळून ३५९ अंतर्गळांवर त्यांनी ते वापरले, रुग्णांची नोंद ठेवली, आणि २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरी या नियतकालिकात वृत्तांत प्रसिद्ध केला. व्याधी पुन्हा उद्भवण्याचे व जखम चिघळण्याचे प्रमाण विकतच्या जाळीहून अधिक आढळले नाही. किमतीतील फरक मात्र एखाद्या चहाचा व रुग्णाच्या महिन्याच्या मजुरीचा असावा इतका होता.

एका गावातील अनुभवाला जग लगेच मान्यता देत नाही, आणि देऊही नये. ती कसोटी पुढे झाली. स्वीडन व युगांडा येथील संशोधकांनी पूर्व युगांडात ३०२ पुरुषांची निवड करून, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने अर्ध्यांना मच्छरदाणीच्या कापडाची व अर्ध्यांना विकतची जाळी बसविली. कोणाला कोणती बसविली हे रुग्णांना सांगितलेले नव्हते. त्या प्रयोगातील कापडही भारतातच विणलेले होते. त्याचा निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या अग्रगण्य नियतकालिकात जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात मच्छरदाणीच्या गटात एका रुग्णाला व्याधी पुन्हा झाली, विकतच्या गटात एकालाही नाही. लहानमोठ्या तक्रारींचे प्रमाण एकीकडे शेकडा ३०.८ व दुसरीकडे शेकडा २९.७, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. एका जाळीची किंमत सुमारे एक डॉलर, तर दुसरीची सुमारे १२५ डॉलर होती.

येथे गंभीर इशारा देणे कर्तव्य आहे. याचा अर्थ घरातील मच्छरदाणी कापून डॉक्टरांपुढे ठेवावी असा मुळीच नाही. आजकालच्या अनेक मच्छरदाण्यांच्या धाग्यात कीटकनाशक असते. तसे कापड शरीरात कदापि जाता कामा नये. कोणत्या धाग्याचे, किती वजनाचे व केवढ्या डोळ्याचे कापड चालते हे प्रयोगाने ठरलेले आहे. निर्जंतुक करण्याची उष्णताही नेमकी आहे: १२१ अंशांची वाफ हे कापड सोसते, पण रुग्णालयांत शस्त्रांसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या १३४ अंशांवर ते आकसते व बिघडते. ज्ञान आणि शिस्त यांची जोड नसेल तर स्वस्ताई घातक ठरते.

ज्याचा धनी नाही

व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरा विचारणीय भाग पुढे आहे. इतके सिद्ध होऊनही हे कापड निर्जंतुक वेष्टनात, शिक्कामोर्तब होऊन औषधांच्या दुकानात का येत नाही? उत्तर स्वामित्वात आहे. ही कल्पना प्रसिद्ध झाली त्या दिवसापासून सर्वांची झाली. प्रसिद्ध झालेली गोष्ट नवीन राहत नाही आणि नवीन नसलेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही. शिवाय भारतीय कायद्याने ज्ञात पदार्थाचा केवळ नवा उपयोग सापडणे, एवढ्यावर एकस्व देण्याचे नाकारले आहे. म्हणजे या शोधाला कोणी धनी नाही. ज्याचा धनी नाही त्याचा अडत्याही नसतो. प्रमाणपत्रे, चाचण्या व परवाने यांवर एकाने मोठा खर्च केला, तर दुसऱ्या दिवशी शेजारचा कारखानदार तोच माल त्याहून स्वस्त विकू शकतो. मग पहिला खर्च कोणी करावा?

पेटंट नसेल तर शोध कपाटात पडून राहतो आणि पेटंट असेल तर तो गरिबाच्या हाती लागत नाही, असा हा दुहेरी पेच आहे. यातून बाहेर येण्याचे मार्ग तीनच दिसतात. शासनाने खर्च करावा, धर्मादाय निधीने करावा, किंवा अनेक उत्पादकांनी संघ करून तो वाटून घ्यावा. तिसरा मार्ग आपल्याला अपरिचित नाही. एकट्या दुकानदाराला न परवडणारे काम संघाने करावयाचे, याच तत्त्वावर आपल्या संस्था उभ्या आहेत.

मधल्या काळात एक समाधानाची गोष्ट घडली आहे. गुजरात, कर्नाटक आदी राज्यांतील देशी कारखान्यांत आता रीतसर परवान्याने पॉलिप्रॉपिलीनची जाळी होते, आणि परदेशी मालाचे एकछत्र उरलेले नाही. मूळ पेटंटाची मुदत संपल्याचे हे इष्ट फळ होय.

भारतीय कायदा व पुण्याची रीत

भारताचा पेटंट कायदा १९७० चा. तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला आणि २००५ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. आज पेटंटाची मुदत अर्जापासून वीस वर्षे आहे. गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. या कायद्याचे तिसरे कलम वाचनीय आहे. मनुष्यावर उपचार करण्याच्या कोणत्याही पद्धतीला, मग ती शस्त्रक्रियेची असो वा औषधोपचाराची, या कलमाने पेटंट नाकारले आहे. जाळी ही वस्तू असल्याने तिचे पेटंट होऊ शकते. ती बसविण्याच्या कौशल्याचे मात्र होऊ शकत नाही. वैद्याचा हात कोणाच्या मालकीचा होऊ नये, हे तत्त्व त्यामागे आहे.

या तत्त्वाचे सुंदर उदाहरण पुण्याचे आहे. तेथील डॉ. मोहन देसर्डा यांनी २००१ मध्ये अशी रीत प्रसिद्ध केली की, जिच्यात परकी जाळी लागतच नाही. रुग्णाच्याच उदरभित्तीच्या बाह्य पडद्याची एक पट्टी, तिचे मूळ न तोडता, दुबळ्या भागावर शिवतात. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर या रीतीची व जाळीची तुलना झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे तीन वर्षांत दोन्ही गटांत प्रत्येकी दोनच रुग्णांना व्याधी पुन्हा झाली. सर्व प्रकारच्या अंतर्गळांना ही रीत लागू पडेल असे नव्हे. ते तज्ज्ञानेच ठरवावे. परंतु पुण्यात निघालेली, कोणीही शिकू शकेल अशी ही विद्या जगाने मोफत उचलली, याचा मराठी मनाला अभिमान वाटला पाहिजे.

आपली दृष्टी

आता आपल्या आचारधर्माला लागून असलेले दोन मुद्दे.

पहिला अहिंसेचा. सर्व जाळ्या प्लास्टिकच्या नसतात. काही ‘जैविक’ जाळ्या डुकराच्या कातडीपासून वा आतड्याच्या पडद्यापासून, काही गाईबैलांच्या अंगच्या पेशीजालापासून, तर काही मृत मनुष्याच्या त्वचेपासून बनवितात. काही मिश्र जाळ्यांचा मूळ धागा कृत्रिम असला तरी त्यांवरील लेप प्राण्याच्या कोलॅजनचा असतो. साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी पूर्णतः कृत्रिम असून तीत प्राणिज अंश नाही. टाक्यांच्या धाग्यांतही आतड्याचा ‘कॅटगट’ हा प्राणिज प्रकार असून त्याला कृत्रिम धाग्याचा पर्याय आहे. जांघेच्या साध्या अंतर्गळासाठी जैविक जाळीची सहसा आवश्यकता नसते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी, टेबलावर झोपल्यावर नव्हे, जाळी व धागा कशाचा आहे हे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. बहुतेक डॉक्टर अशा प्रश्नाचा मान राखतात. प्राणसंकटाच्या प्रसंगी मात्र निर्णय वैद्यावर सोपवावा. देह राहिला तर व्रते राहतील.

दुसरा मुद्दा अचौर्याचा. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या दोषांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. खऱ्या मालाच्या नावाखाली खोटा वा भेसळीचा माल देणे, हा त्याचा अर्थ. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला एका नामांकित कंपनीच्या वेष्टनात बनावट जाळ्या विकल्या जात असल्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. त्या जाळ्या निर्जंतुक आहेत की नाहीत, याची शाश्वती कोण देणार? शतकांपूर्वी व्यापाऱ्यासाठी सांगितलेला दोष आज शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत आला आहे. मच्छरदाणीचे कापड ‘हे मच्छरदाणीचे कापड आहे’ असे सांगून, नोंद ठेवून वापरणारा दोंडाईचाचा डॉक्टर आणि साधा माल नामांकित वेष्टनात भरणारा विक्रेता यांच्यातील अंतर मालाच्या किमतीचे नाही, सत्याचे आहे. आपल्या सभासदांपैकी जे औषधे व वैद्यकीय साहित्य विकतात त्यांनी पावतीविना व घाणाक्रमांकाविना आलेला माल दुकानात घेऊ नये.

आपण काय करावे

आता थोडक्यात कर्तव्ये सांगतो.

१. दुकानातील हमाल व नोकर यांच्याकडून एका खेपेला पेलवेल इतकेच वजन उचलून घ्यावे, आणि शक्य तेथे हातगाडी द्यावी. एकट्या ओझ्यानेच अंतर्गळ होतो असे नव्हे. जुना खोकला, बद्धकोष्ठ, लघवीला जोर करावा लागणे व जन्मजात दुबळेपणा हीही कारणे आहेत. परंतु असलेली व्याधी ओझ्याने नक्कीच वाढते.

२. गोळा दिसला तर लाज धरू नये. आपल्याकडे हा विकार लपविण्याची रीत आहे आणि नोकर तो कामावरून काढतील या भीतीने लपवितो. ‘तपासून ये, तुझी जागा राखून ठेवतो’, एवढे मालकाचे वाक्य त्याला पुरे होते. पेडणे व डिचोली तालुक्यांतील रुग्णांना म्हापशाचे जिल्हा रुग्णालय आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय यांचा आधार आहे. १८४२ मध्ये पणजीस स्थापन झालेल्या वैद्यक विद्यालयाची परंपरा त्या महाविद्यालयाला लाभली आहे.

३. शस्त्रक्रियेनंतर जाळीच्या वेष्टनावरील चिकटपट्टी वा तिची नक्कल मागून घ्यावी व घरच्या कागदांत जपावी. तीवर जाळीचे नाव व घाणाक्रमांक असतो. उद्या एखादी जाळी सदोष ठरली तर आपल्या अंगी कोणती आहे हे त्यावरूनच कळेल. तिजोरीत आपण दागिन्याची पावती ठेवतो. देहातील वस्तूचीही ठेवावी.

४. सर्वांत महाग जाळी ती सर्वांत चांगली, असे समजू नये. जांघेच्या साध्या अंतर्गळाला साधी, सपाट जाळी बहुधा पुरते. जाळीपेक्षाही ती बसविणाऱ्याच्या हाताचे मोल अधिक आहे. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहांतील एकाला दीर्घकाळ काही प्रमाणात वेदना राहते, हेही आधी जाणून घ्यावे.

५. औषधदानाच्या निधीत ‘जाळीदान’ हे एक सदर घालावे, अशी सूचना या लेखाच्या निमित्ताने नम्रपणे करतो. देशी बनावटीच्या प्रमाणित जाळीच्या खर्चात एक मजूर पुन्हा आपल्या पायावर उभा राहतो. आहार, औषध, शास्त्र व अभय या चार दानांपैकी औषधदान येथे साक्षात् घडते, आणि त्याची नोंद संघाच्या चोपडीत एका ओळीत मावते.

समारोप

डिचोली तालुक्यातील कुडणे येथे गुजीर भागात जुन्या जैन मंदिराचे अवशेष आजही उभे आहेत. या भूमीत आपल्या धर्माचा वावर किती जुना आहे, याची ती साक्ष होय. ज्यांनी ते मंदिर उभारले त्यांच्या दुकानांत काय माल होता, त्यांनी किती नफा केला, याचा आज मागमूस नाही. त्यांनी सर्वांसाठी जे उभारले त्याचेच दगड काळाने राखले.

पेटंटाची गोष्टही याहून फारशी वेगळी नाही. शोधकाला काही वर्षे त्याचे फळ मिळावे हे न्याय्यच आहे. मेहनतीला मोबदला नसेल तर मेहनत कोण करील? परंतु कायद्याने त्या हक्काला मुदत घालून दिली आहे आणि मुदतीनंतर तो सर्वांच्या स्वाधीन केला आहे. परिग्रहाला परिमाण असावे, हे आपले व्रत श्रावकाला दुसरे काय सांगते? अशर यांची जाळी मुदत संपल्यावर सर्वांची झाली. टोणगावकरांची व देसर्डांची विद्या पहिल्या दिवसापासूनच सर्वांची होती. या तिघांच्याही कार्याचा लाभ पेडण्याच्या पेठेतील पोते वाहणाऱ्या माणसापर्यंत पोहोचला तरच तो पूर्ण झाला, असे म्हणता येईल. शेवटची ती चार पावले मात्र संशोधकाने चालावयाची नाहीत, ती आपल्याला चालावयाची आहेत.

जय जिनेंद्र.